फीत ज्याच्या हातून पडते

एदेलमिरा लिमायमांता ही माझी कोमाद्रे. तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला मी त्याला हातात घेऊन उभा राहिलो, तेव्हापासून ती मला कोम्पाद्रे म्हणते आणि मी तिला कोमाद्रे. हे नातं आमच्याकडे भावाबहिणीपेक्षा जड समजतात. भावाबहिणीत निदान भांडण तरी चालतं. तिच्याबद्दल लिहायला माझ्यापेक्षा बरा माणूस आमच्या गावात, यानापातात मिळाला असता, पण त्या दिवशी तिच्याबरोबर मीच होतो.

एदेलमिरा पाचामांका करते. खड्डा खणायचा, दगड लाल होईपर्यंत तापवायचे, त्यांच्यामध्ये मांस, बटाटे, शेंगा, मक्याच्या पानात बांधलेल्या वड्या असं सगळं थराथराने रचायचं, वरून माती लोटायची आणि वाट बघत बसायचं. लग्न असो, घराचं छप्पर घालायचं असो की मयताचं वर्ष असो, खड्डा तिचाच. जेवणाऱ्यांना ती सहसा दिसत नाही. जिकडे धूर तिकडे ती असते, आणि लोक धुराकडे पाठ करून बसतात.

तिचा नवरा तेओफिलो कॉफीच्या हंगामाला खाली सातिपोच्या जंगलात गेला आणि हंगाम संपला तरी परत आला नाही. मेला असता तर ती विधवा झाली असती आणि तिला कुठे बसवायचं हे गावाला कळलं असतं. पण तो जिवंत आहे. तिकडे त्याचं दुसरं घर आहे. मधूनमधून गावातलं कोणीतरी त्याला बघून येतं आणि जाड झालाय म्हणून सांगतं.

याचा त्रास तिला वर्षातून एकदा व्हायचा, कार्निव्हलच्या झाडतोडीला. चौकात एक उंच झाड आणून पुरतात. त्याला घोंगड्या, पातेली, प्लास्टिकच्या बादल्या, फुगे टांगतात. जोडपी त्याच्याभोवती फेर धरतात. एकेका जोडप्याच्या हाती कुऱ्हाड येते, ते दोन-तीन घाव घालतात आणि पुढच्या जोडप्याला देतात. ज्यांच्या घावाने झाड पडतं ते पुढच्या वर्षीचे यजमान. बँड त्यांचा, बिअर त्यांची, जेवण त्यांचं, नवं झाडही त्यांनीच आणायचं. म्हणून बहुतेक लोक झाडाला कुरवाळल्यासारखे घाव घालतात. ज्यांना यजमान व्हायचंच असतं ते जोर लावतात, आणि झाड पडलं की पाय घसरल्यासारखा चेहरा करतात.

एदेलमिराला एकदा यजमानीण व्हायचं होतं. ती मला म्हणाली होती, "कोम्पाद्रे, मी इतक्या यजमानिणींना जेवू घातलंय. एकदा त्या खुर्चीवर बसून बघायचंय, तिथून कसं दिसतं ते."

पण कुऱ्हाड जोडप्यालाच देतात. एका वर्षी ती मुलाला घेऊन फेरात उभी राहिली. सणाच्या समितीचे अध्यक्ष दोन इलारियो मिसारी (आमच्याकडे मानाने पुरुषाला 'दोन' म्हणतात, बाईला 'दोन्या') यांनी कुऱ्हाड तिच्या नाकासमोरून पुढे नेली.

"हा मुलगा आहे, एदेलमिरा. मुलगा म्हणजे जोडी नव्हे."

"मग समितीने नवरा आणून द्यावा," ती म्हणाली.

लोक खूप हसले. ती खड्ड्याकडे परत गेली, कारण दगड निवत होते.

यादिरा नावाची मुलगी लिमाहून आली ती एका लग्नाला. जेवली आणि म्हणाली, "मावशी, मला तुमच्यावर चित्रपट करायचाय." एदेलमिराला वाटलं पोरीचं पोट भरलं नाही, म्हणून तिने अजून वाढलं. पण यादिरा तो हिवाळा गावातच राहिली. एक कॅमेरा आणि आवाज पकडायची एक काठी, एवढंच तिच्याकडे होतं. काठीच्या टोकाला मांजराच्या केसांसारखं काहीतरी लावलेलं होतं, आणि गावातली कुत्री शेवटच्या दिवसापर्यंत त्यावर भुंकत होती.

पुढे बऱ्याच महिन्यांनी ती परत आली आणि म्हणाली, की वानकायो शहरात स्वतंत्र चित्रपटांचा महोत्सव आहे, पहिल्या दिवशी पहिला चित्रपट आपलाच, मावशीने यायलाच हवं आणि बरोबर एकाला आणावं.

"स्वतंत्र म्हणजे काय गं, पोरी?"

"म्हणजे कोणी पैसे देत नाही, मावशी."

"असं होय. मग मीपण स्वतंत्रच आहे."

मुलगा लिमात कामाला, म्हणून बरोबर मी गेलो. तिने ठेवणीतली टोपी घातली होती, पाठीवर शालीत गाठोडं बांधलं होतं. गाठोड्यात भाजलेला मका, चीज आणि उसाच्या दारूची एक बाटली होती. बाटली कशाला म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "परक्या घरी रिकाम्या हाताने कोण जातं?"

थिएटरच्या दाराशी एका मुलीने आमच्या गळ्यात पट्ट्या अडकवल्या. एदेलमिराच्या पट्टीवर 'प्रमुख भूमिका' असं छापलं होतं, माझ्या पट्टीवर 'सोबती'. सगळ्यांच्याच गळ्यात पट्ट्या होत्या आणि सगळे आधी एकमेकांच्या छातीकडे बघून मग तोंडाकडे बघत होते. तरुण मुलांनी म्हाताऱ्यांसारखे मफलर गुंडाळले होते आणि म्हाताऱ्यांनी तरुणांसारखे बूट घातले होते. आमच्याकडे लोक प्रेमाने बघत होते. मला ते थोडं अवघड गेलं.

दाराला आडवी लाल फीत बांधली होती. महोत्सवाचे संचालक सेन्योर फाब्रिसियो हे बारीक चणीचे, फार सभ्य गृहस्थ. त्यांनी भाषण केलं. यंदा फीत कोणी मंत्री किंवा नट कापणार नाही, ज्यांच्या जगण्यावर हे चित्रपट उभे आहेत ती माणसं कापतील, असं काहीसं म्हणाले आणि तबकातली कात्री त्यांनी एदेलमिरापुढे धरली.

एदेलमिराने कात्रीकडे पाहिलं, मग फितीकडे, मग माझ्याकडे.

"कोम्पाद्रे," ती हळूच म्हणाली, "हे तोडायला लावतायत."

"दिसतंय तसं."

"जोडी लागेल."

"इथे इलारियो नाहीत," मी म्हणालो. हे माझ्या तोंडून का गेलं ते मला अजून कळलेलं नाही.

तिने माझा हात धरला. घाव घालायच्या आधी फेर धरायचा असतो. पण फीत दाराला बांधलेली असली तर तिच्याभोवती फेर धरणं सोपं नसतं. वाकून खालून आत जायचं, दुसऱ्या टोकाकडून वाकून बाहेर यायचं. आम्ही तसं केलं, नाचाची पावलं टाकत. बँड नव्हता, तेव्हा ती तोंडाने ताल धरत होती. दुसऱ्या फेरीला माझ्या गुडघ्यातून आवाज आला. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचा भाग आहे. कोणीतरी टाळ्यांचा ठेका धरला. फोटो काढणारे जमिनीवर आडवे झाले.

तिसऱ्या फेरीनंतर आम्ही कात्री दोघांच्या हातात धरली आणि चालवली. ती बोथट होती. फीत कापली गेली नाही, चावल्यासारखी झाली. आम्ही अजून एकदा चालवली आणि रीतीप्रमाणे थांबलो. एदेलमिराने कात्री पुढच्या जोडप्याला दिली. पुढचं जोडपं म्हणजे सेन्योर फाब्रिसियो आणि त्यांच्या शेजारच्या नगरपालिकेच्या बाई.

"घ्या. तुमची पाळी."

"छे छे, दोन्या एदेलमिरा, तुम्हीच!"

तिने बाईंपुढे धरली. बाई छातीवर हात ठेवून एक पाऊल मागे सरकल्या. "नाही हो, हा मान तुमचा!"

"तुम्हीच! तुम्हीच!" मागून सगळे ओरडायला लागले.

यानापातात पुढे आलेली कुऱ्हाड कोणी नाकारत नाही. ती नाकारली, तर चारचौघांत असं म्हटल्यासारखं होतं की हे ओझं तूच उचल. आणि इथे सबंध थिएटरच ओरडून तेच म्हणत होतं.

"घेत नाहीयेत, कोम्पाद्रे."

"हो."

"म्हणजे ठरवून आपल्यावर टाकतायत."

"नको असेल तर कात्री तबकात ठेवा, कोमाद्रे. कोणी मारणार नाही आपल्याला."

तिने कात्रीच्या बोथट पात्यावरून अंगठा फिरवला. सेन्योर फाब्रिसियो हसत होते. त्यांना वाटत होतं ती लाजतेय.

"तबकात ठेवली तर पुन्हा हातात कधी यायची?" ती म्हणाली. मग तिने फितीचा चावलेला भाग बोटांवर ताणून धरला, मला म्हणाली, "दाबा," आणि आम्ही दाबली.

फीत पडली. टाळ्या झाल्या. एदेलमिराने पाय घसरल्याचा चेहरा केला नाही. टोपी सरळ केली आणि आत गेली.

चित्रपटाबद्दल मी काय सांगणार, मी यापूर्वी फार पाहिलेले नाहीत. यात एदेलमिरा दगड निवडते. मग बटाटे सोलते. बटाटे बरेच होते. माझ्या शेजारी चष्मा लावलेला एक माणूस होता, त्याला मी हळूच विचारलं, "पुढे काय होतं?" तो म्हणाला, "शू." पुढे बटाटे सोलून होतात. मध्ये एकदा एक कुत्रा येतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि भुंकतो. तेव्हा लोक हसले. मला तो कुत्रा ओळखू आला, तो आमच्या गल्लीतला आहे. शेवटी माती लोटतात, पडदा बराच वेळ मातीचाच राहतो आणि दिवे लागतात. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एक-दोघं डोळे पुसत होते. एदेलमिराने पडद्यावर स्वतःला पहिल्यांदाच पाहिलं होतं. मी विचारलं, "कसं वाटलं?" ती म्हणाली, "पाठीत वाकलेय मी. कोणी बोललं नाही कधी."

मग तिला यादिराबरोबर मंचावर बसवलं आणि लिमाच्या एका समीक्षक बाईंनी प्रश्न विचारले.

"दोन्या एदेलमिरा, ती लांबलचक शांतता, त्या वेळी तुमच्या मनात काय चाललं होतं?"

"ही पोरगी जेवायला कधी उठणार, हे."

हशा झाला. यादिरा सगळ्यात जास्त हसली. बाईंनी मान डोलावून विचारलं, प्रेक्षकांना शेवटचं काही सांगायचंय का.

एदेलमिरा उठून उभी राहिली. टोपी काढली. आमच्याकडे टोपी काढून जे बोलतात ते परत घेता येत नाही. तिने मला हाताने वर बोलावलं. मी गेलो नाही, तेव्हा तिने पुन्हा बोलावलं, आणि मी गेलो.

"आज सकाळी फीत माझ्या आणि माझ्या कोम्पाद्रेच्या हातून पडली," ती म्हणाली. "सगळ्यांनी पाहिलंय. पुढच्या वर्षी या सणाचे यजमान आम्ही. यानापातात यायचं. उपाशी कोणी परत जाणार नाही."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. लोकांना वाटलं, किती सुंदर बोलली. समीक्षक बाईंनी ते लिहूनही घेतलं. माझ्या लक्षात आलं, की सभागृहातल्या एकालाही ते खरं वाटलेलं नाही. हे तिला सांगावं असं मनात आलं, पण ती मंचावरून उतरून बाहेरच्या दालनात गेलीही होती, आणि गाठोडं सोडत होती.

आमची रीत अशी आहे, की यजमान झालेला माणूस प्याला पुढे करतो. जो पितो तो कबूल होतो, आणि आपण काय आणणार ते मोठ्याने बोलतो. एदेलमिराने बाटली काढली, तिचं झाकण प्याल्यासारखं धरलं आणि समोर दिसेल त्याच्यापुढे केलं. पाहुणे खूश होऊन रांगेने पीत होते.

अर्जेंटिनाचे एक टकले परीक्षक होते. ते प्यायले आणि खोकले.

"तुम्ही काय आणणार?" तिने विचारलं.

"मी? मी माझा चित्रपट आणेन, दोन्या!"

"केवढा आहे?"

"साडेतीन तासांचा."

"त्यापेक्षा छोटा आणा. आणि एक मेंढी."

"मेंढी?"

"प्यायलात ना?"

"प्यायलो," ते म्हणाले, आणि त्यांनी मेंढी कबूल केली. समीक्षक बाई म्हणाल्या, मी चार शब्द बोलेन. एदेलमिरा म्हणाली, "शब्द पाद्री बोलतात, तुम्ही पाव आणा." बाई थोड्या विचारात पडल्या, मग म्हणाल्या, किती? पट्ट्या वाटणाऱ्या मुलीने फुगे कबूल केले. यादिरा म्हणाली, "मावशी, मी काय आणू?" तिला एदेलमिरा म्हणाली, "तू घरची. तू बटाटे सोल."

तेवढ्यात सेन्योर फाब्रिसियो आले. यादिराने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला होता. ते आम्हाला एका खांबाआड घेऊन गेले.

"दोन्या एदेलमिरा, माझीच चूक झाली. मी आधी समजावून सांगायला हवं होतं. फीत म्हणजे नुसती फीत असते. कापली की संपलं. कोणावर काही येत नाही."

"मग मी दिली तेव्हा घेतली का नाहीत?"

"तो मान होता तुमचा."

"तेच म्हणतेय मी."

सेन्योर फाब्रिसियोंनी मफलर सैल केला. "हे बघा, महोत्सव भरवायचा म्हणजे पडदा लागतो, यंत्र लागतं, हॉल लागतो..."

"हॉल नाही. शाळेचं पटांगण आहे. खुर्च्या शाळेच्या."

"आणि हे मी एकट्याने ठरवत नाही. समिती ठरवते."

"समितीत कोण?"

"मी आणि आणखी दोघं."

"कुठेत ते?"

सेन्योर फाब्रिसियोंनी वळून पाहिलं. ते दोघं दालनात होते. एकाच्या हातात बाटलीचं झाकण होतं आणि तो मोठ्याने बिअर कबूल करत होता.

एदेलमिराने आवाज चढवला नाही. तो ती कधीच चढवत नाही. "सेन्योर, तुम्हाला नको असेल तर तसं सांगा. पण खांबाआड नाही. मी जिथून बोलले तिथे उभे राहा आणि म्हणा, की हिने जे तोडलं ते काही नव्हतं. मी टोपी घालून घरी जाईन. चिडणार नाही. आमच्याकडेपण मला असंच सांगतात."

मला वाटलं आता ते सुटकेचा निश्वास टाकून मंचावर जातील आणि गोड शब्दांत सांगून मोकळे होतील. पण ते तिथेच उभे राहिले, खांबावरचा रंग नखाने खरवडत.

"माझी आई चुपाकाची," ते म्हणाले. चुपाका आमच्यापासून लांब नाही. तिथेही झाड तोडतात.

"मग तिला विचारा," एदेलमिरा म्हणाली.

"ती वारली."

"मग तुम्हाला ठाऊक आहे ती काय म्हणाली असती."

ते मंचावर गेले. आम्ही दारातून बघत होतो. एदेलमिराने माझी बाही धरली होती, आणि ती धरली आहे हे तिला माहीत नव्हतं. दुसरा चित्रपट सुरू व्हायचा होता, लोक बसत होते. त्यांनी ध्वनिक्षेपकावर दोनदा टिचकी मारली आणि म्हणाले, की एक सूचना आहे. पुढच्या वर्षी महोत्सवाचा पहिला दिवस यानापातात होईल. यजमान दोन्या एदेलमिरा लिमायमांता आणि दोन... इथे त्यांना माझं नाव माहीत नव्हतं, म्हणून ते म्हणाले, आणि सोबती. ज्यांनी बाहेर प्याला घेतलाय त्यांनी आपला शब्द पाळावा. पडदा आणि यंत्र मी आणतो.

टाळ्या या वेळी विरळ झाल्या, कारण काही लोकांना ते आता समजलं होतं. अर्जेंटिनाचे परीक्षक शेजारच्याला काहीतरी विचारत होते. मेंढी कुठे मिळते हेच असावं. एदेलमिराने टोपी घातली. टाळ्या वाजवल्या नाहीत, यजमान वाजवत नाहीत.

बातमी आमच्याआधी गावात पोचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन इलारियो तिच्या दारात आले. मी तिथेच होतो. कोण किती खुर्च्या आणणार यावर आमचं बोलणं चाललं होतं.

"ऐकलं ते खरं का?"

"खरं."

"कोम्पाद्रे-कोमाद्रेची जोडी चालत नाही, एदेलमिरा. माझ्या आजोबांच्या वेळेपासून चालत नाही."

"झाडाला चालत नाही. फितीला चालते."

"असं कोण म्हणतं?"

"तुम्ही फीत कापलीय कधी, दोन इलारियो?"

"नाही."

"मी कापलीय."

दोन इलारियोंनी दारातली एक कोंबडी पायाने बाजूला सारली. मग म्हणाले, हा सण बटाटे काढायच्या आधी धरायचा की नंतर, ते समितीला वेळेवर कळलेलं बरं. चौक झाडून ठेवावा लागतो. एदेलमिरा म्हणाली, "नंतर." त्यांनी जाताना टोपीला हात लावला. तो मला की तिला, हे नक्की सांगता येणार नाही, पण मला त्यांनी याआधी कधी लावलेला नाही.

पुढच्या रविवारी गावातल्या पोमा कुटुंबाच्या घरी छप्पर घालायचं होतं आणि पाचामांका होती. एदेलमिरा पहाटे नेहमीसारखी फावडं घेऊन गेली. पोमांच्या सुनेने ते तिच्या हातातून घेतलं. "हे काय, दोन्या एदेलमिरा? नेमलेली यजमानीण कुठे खड्डा खणते? लोक आम्हाला काय म्हणतील?" आणि तिला पुढच्या रांगेत, बँडच्या समोर, हाताच्या खुर्चीवर बसवलं. मलाही शेजारी बसवलं. आम्ही दिवसभर बसलो. लोक येऊन हात मिळवून जात होते. मागे पोमांच्या दोन पुतण्या दगड तापवत होत्या, आणि दगड अजून तापायचे होते तरी त्यांनी मांस रचायला घेतलं. मला ते धुराच्या रंगावरून कळलं. मला कळलं म्हणजे तिला केव्हाच कळलं असणार.

"सांगायचं का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. तिचे हात मांडीवर होते आणि आपण कोणाचे आहोत हे त्यांना कळत नसल्यासारखे पडले होते. "बसू दे मला."

मांस कच्चं निघालं. आम्ही दोघांनी ते संपवलं आणि चांगलं झालंय म्हणून सांगितलं.